गृहस्थाश्रमांतील विज्ञान : रोगांचीं नांवें आणि रोगांचे धनी

आमच्या शेतकऱ्यांनीं पिकांच्या नि गुरांच्या रोगांना जीं नांवें दिलीं आहेत, तीं एके ठिकाणीं मांडून वाचलीं असतां भाषेची आवड असणाऱ्या कोणालाहि कौतुक वाटेल. गव्हाच्या पानांवर तांबूस पूड दिसूं लागली कीं तो तांबेरा. द्राक्षाच्या वेलीला राख फासल्यासारखें झालें कीं ती भुरी. ज्वारीच्या कणसांत दाण्याच्या जागीं काळी भुकटी भरली कीं ती काणी. तुरीचें उभें झाड एकाएकीं मान टाकून वाळलें कीं ती मर. डाळिंबाच्या फळावर तेल सांडल्यासारखा डाग पडला कीं तो तेल्या. गोठ्यांत यावें तर घसा सुजून जनावर घरघरूं लागलें कीं घटसर्प, मागला फरा सुजून तें लंगडूं लागलें कीं फऱ्या, तोंडाला लाळ नि खुरांत जखमा दिसल्या कीं लाळखुरकुत. केवळ डोळ्यांनीं पाहून दिलेलीं हीं नांवें इतकीं नेमकीं आहेत कीं कृषिशास्त्राच्या पदवीधरालाहि शेताच्या बांधावर उभें राहून तींच वापरावीं लागतात.

परंतु डोळा जेथवर पोंचतो तेथवरच हीं नांवें पोंचतात. बाजरीचीं पानें पिवळीं पडलीं कीं त्या रोगाला केवडा म्हणतात, आणि तोच रोग कणसांत आला व दाण्यांऐवजीं हिरव्या पानांच्या जटा फुटल्या म्हणजे त्याला गोसावी म्हणतात. एकाच धन्याचीं हीं दोन नांवें. उलट मुगाचीं पानें पिवळीं पडलीं तरी त्यालाहि केवडाच म्हणतात. आणि तेथें मात्र धनी अगदीं निराळा आहे. बाजरीचा केवडा बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका सूक्ष्म जीवामुळें होतो व बियाण्याला योग्य तें औषध चोळून पेरल्यास त्याला पुष्कळ आळा बसतो. मुगाचा केवडा विषाणूमुळें होतो, तो विषाणु पांढऱ्या माशीच्या सोंडेंतून रोपांत शिरतो, आणि त्यावर बुरशीनाशक औषध मणभर ओतलें तरी पैसा नि पाणी यांपलीकडे कांहीं खर्च होत नाहीं. घटसर्पाचीहि हीच गत आहे. मुलांच्या घशांत पडदा येऊन श्वास कोंडणारा घटसर्प आणि गुरांचा घटसर्प हे नांवानें एक; परंतु त्यांचे जीवाणु वेगळे, त्यांची मारण्याची रीत वेगळी, लस वेगळी. नांवावरून औषध आणणाऱ्याची अशा वेळीं फसगत होते, आणि फसगतीचे दाम पिकानें, गाईनें किंवा लेंकरानें मोजावे लागतात. म्हणून या अंकीं आम्ही रोगांच्या नांवांमागील धन्यांची थोडी विचारपूस करण्याचें योजिलें आहे.

प्रथम बुरशी. वनस्पतींच्या संसर्गजन्य रोगांपैकीं बहुतेक रोग बुरशीचे. उलट माणसांच्या नि गुरांच्या मोठ्या रोगांत बुरशीचा वांटा लहान. गजकर्णासारखीं कातडीवरचीं दुखणीं सोडलीं, किंवा एखाद्याची प्रतिकारशक्ति आधींच खचलेली असली तर गोष्ट निराळी, एरवीं निरोगी देहांत बुरशीला फारसा थारा मिळत नाहीं. याचें एक मोठें कारण आपल्या अंगाची ऊब हें होय. बहुतेक बुरशांना माणसाच्या किंवा गाईच्या रक्ताएवढी उष्णता सोसत नाहीं. झाड मात्र भोंवतालच्या हवेइतकेंच थंड असतें; त्याला अंगचा ताप नाहीं आणि ताप आणण्याची सोयहि नाहीं.

तांबेऱ्याची बुरशी पानांत कशी शिरते हें सूक्ष्मदर्शकांतून पाहण्यासारखें आहे. वाऱ्यावरून आलेला तिचा कण पानावर पडतो. रात्रीचें दंव मिळालें कीं त्याला एक बारीक नळी फुटते. ती नळी पानाच्या पृष्ठावरून चांचपडत चांचपडत श्वासरंध्र गांठते आणि त्यांतून आंत उतरते. आंत गेल्यावर ती पेशींच्या भिंतींना भोंकें पाडून आपलीं शोषकें आंत घालते व अन्न ओढूं लागते. पण पेशीला मारीत नाहीं. जिवंत पानावांचून तिचें चालत नाहीं, म्हणून ती यजमानाला जगवून खाते. घरजांवई चतुर असला म्हणजे असाच वागतो. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीं पानांतील सत्त्व असें वाटेंतच खुडलें जातें आणि खळ्यावर सुरकुतलेलें, हलकें धान्य येतें.

या तांबेऱ्यासंबंधीं एक कोडें बरींच वर्षें सुटलें नव्हतें. आपल्या मैदानांत उन्हाळ्याच्या दिवसांत शेतांत गहूं नसतो आणि ऊन असें असतें कीं तांबेऱ्याचे कण जगूं शकत नाहींत. मग दरवर्षीं हिंवाळ्यांत रोग येतो कोठून? आग्र्याच्या महाविद्यालयांतील प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं या प्रश्नामागें आपलें आयुष्य वेंचलें. डोंगरांतून व मैदानांतून वर्षानुवर्षें नमुने गोळा करून, हवेंतील कण कांचपट्ट्यांवर पकडून त्यांनीं असें दाखविलें कीं, रोगाचें बीज उन्हाळाभर थंड डोंगरांत टिकतें आणि वाऱ्याबरोबर दर साल नव्यानें मैदानांत उतरतें. १९४० सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें हवामानशास्त्राची जोड मिळून असें आढळलें कीं काळा तांबेरा निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून येतो, आणि बंगालच्या उपसागरांत नोव्हेंबराच्या सुमारास उठणारीं वादळें त्याला मध्य हिंदुस्थानापर्यंत आणून पोंचवितात. आमच्या महाबळेश्वरास लोक हवा खावयास जातात; परंतु तेथें गव्हाच्या तांबेऱ्याचें एक संशोधन केंद्रहि आहे हें थोड्यांनाच ठाऊक असतें. थंड हवेवर तांबेरा वाढतो, म्हणून तेथें मुद्दाम रोग वाढवून कोणतें वाण त्याला दाद देत नाहीं हें पारखतां येतें. रोगाचें बीज शेंकडों कोसांवरून आकाशमार्गें येत असल्यावर एकट्या शेतकऱ्यानें आपल्या शेताची कितीहि सफाई केली तरी तिचा उपयोग काय? प्रतिकारक वाण हाच तेथें खरा इलाज, आणि तो एका घरच्या नव्हे तर साऱ्या देशाच्या प्रयत्नानेंच सिद्ध होतो.

काणीचें उलट आहे. तिचें बीज दाण्याच्या सालीला चिकटून घरच्याच कणगींत असतें. पेरणीपूर्वीं ज्वारीचें बीं गंधकाच्या बारीक भुकटींत घोळलें तरी पुष्कळ काम भागतें. हा उपाय अगदीं स्वस्त आहे, आणि स्वस्त म्हणूनच कित्येकांना तो खोटा वाटतो.

मर रोगाची बुरशी तिसऱ्याच रीतीनें मारते. ती मातींत राहते, मुळांतून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत ठाण मांडते. नळ्या तुंबतात व जमिनींत ओल असूनहि झाड तहानेनें वाळतें. भोळा माणूस तेव्हां आणखी पाणी देतो. याच कुळांतील एका बुरशीची गोष्ट मात्र निराळी नि मनोरंजक आहे. जपानांत भाताचीं कांहीं रोपें वेड्यासारखीं उंच, फिकट नि किरटी वाढतात आणि दाणा न धरतां मरतात. १९२६ सालीं कुरोसावा या संशोधकानें असें दाखविलें कीं, बुरशी ज्यांत वाढविली तें पाणी बुरशी गाळून काढून टाकल्यावरहि रोपांना तसेंच उंच करतें. म्हणजे बुरशी कांहींतरी द्रव्य सोडते. पुढें तें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, त्याचें नांव जिबरेलिन. आणि आज आमच्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार बिनबियांच्या द्राक्षांचे मणी लांबट नि मोठे व्हावे म्हणून तेंच द्रव्य घडांना देतात. ताटांतील द्राक्षाचा टपोरेपणा एका भातरोगाचा ऋणी आहे हें वाचून कोणाच्या घशांत मणी अडकूं नये. हें द्रव्य वनस्पति स्वतःहि आपल्या अंगांत थोडथोडें करीत असतातच.

बुरशीसारखे दिसणारे पण बुरशी नसलेले असे एक कूळ आहे, त्याची मात्र वेगळी ओळख ठेविली पाहिजे. बाजरीचा केवडा, द्राक्षाचा केवडा, कोंकण नि कारवारकडील सुपारीची फळें भर पावसाळ्यांत कुजवून गाळणारा कोळेरोग, हीं सर्व या कुळाचीं कृत्यें. यांचा रक्ताचा संबंध बुरशीपेक्षां शेवाळाशीं जवळचा. पाण्याचा पातळ थर मिळाला कीं यांपैकीं पुष्कळांचें बीज त्यांतून चक्क पोहूं लागतें. म्हणून झड लागली कीं यांची चंगळ. याच कुळांतील एका जीवानें १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचें पीक वर्षामागून वर्ष कुजविलें. बटाटा हेंच गरिबांचें मुख्य अन्न, त्यांतहि एकाच वाणावर सारी भिस्त, आणि सरकारची धोरणें अशीं कीं देशांतून धान्य बाहेर जातच राहिलें. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. बटाटे जीवानें कुजविले खरे. माणसें एकट्या त्यानें मारिलीं असें आम्हांस वाटत नाहीं.

या कुळावरचा जुना आणि अद्याप टिकून राहिलेला उपाय म्हणजे मोरचूद व चुना यांचें मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो शहराजवळ रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षें वाटसरूंनीं तोडूं नयेत म्हणून मळेवाले त्यांवर हें निळसर मिश्रण शिंपडीत. १८८२ सालीं मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षांत आलें कीं, आंतल्या वेली केवड्यानें उघड्या पडल्या असतांना रस्त्याकडेच्या मात्र हिरव्यागार आहेत. तीन वर्षांनीं त्यानें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चोरांसाठीं केलेली युक्ति रोगाला लागू पडली. सुपारीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडावर माडीएवढ्या उंचीवर चढून हेंच मिश्रण घडांवर फवारतात. पाऊस सुरू होऊन बीज पोहूं लागल्यावर फवारणें म्हणजे वरातीमागून घोडें.

आतां जीवाणु. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर हे सुमारें हजार बसतील. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपकारक. दुधाचें दहीं होतें तें यांच्याच कृपेनें. परंतु यांतील दुष्टांची मारण्याची हातोटी पाहण्यासारखी आहे. मुलांच्या घटसर्पाचा जीवाणु घशांतून फारसा पुढें जात नाहीं. तो तेथें बसून विष सोडतो, आणि तें विष रक्ताबरोबर हृदयापर्यंत नि मज्जातंतूंपर्यंत जाऊन पेशींचें प्रथिनें घडविण्याचें काम बंद पाडतें. हें विष १८८८ सालीं रू व येर्सिन यांनीं पॅरिसमध्यें दाखविलें. आश्चर्य असें कीं, विष करण्याची विद्या त्या जीवाणूची स्वतःची नाहीं. जीवाणूंनाहि विषाणूंची बाधा होते, आणि त्या बाधेंतून ही विद्या त्याला मिळालेली असते. ज्या घटसर्पजीवाणूला ती बाधा नाहीं तो हें विष करूं शकत नाहीं. गुरांच्या घटसर्पाचा जीवाणु मात्र घशांत थांबत नाहीं. तो रक्तांत शिरून सर्व देह व्यापतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला धडधाकट बैल किंवा म्हैस एक-दोन दिवसांत आडवी होते. बोलावणें जाऊन पशुवैद्य येईपर्यंत पुष्कळदां कांहीं उरत नाहीं, म्हणूनच त्याची नि फऱ्याची लस मृग नक्षत्रापूर्वीं टोचून घेण्याचा आग्रह धरतात.

जनावरांना होणाऱ्या काळपुळीच्या रोगाबद्दल मात्र आम्हांस थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण तो गोठ्यांतून माणसांत येतो. या रोगानें मेलेल्या जनावराच्या नाकातोंडांतून काळें, न गोठणारें रक्त येतें. याचा जीवाणु उघड्या हवेच्या संपर्कांत आला कीं आपल्याभोंवतीं एक कवच करून बीजरूप होतो, आणि त्या बीजरूपांत तो मातींत वर्षेंच्या वर्षें, दशकेंहि, पडून राहूं शकतो. रॉबर्ट कॉख हा जर्मनींतील एका लहान गांवाचा सरकारी डॉक्टर होता. रुग्ण तपासून उरलेल्या वेळांत त्यानें बैलाच्या डोळ्यांतील पाण्यांत हा जीवाणु वाढवून, त्याचीं बीजें होतांना व बीजांचे पुन्हां जीवाणु होतांना पाहिलें, आणि १८७६ सालीं जगापुढें मांडिलें. अमुक रोग अमुक जीवाणूमुळेंच होतो याचा हा पहिला निर्विवाद पुरावा. फ्रान्समध्यें कांहीं शेतें शापित मानीत. तेथें चरलेल्या मेंढ्या मरत. पूर्वीं मेलेलीं जनावरें तेथें पुरलेलीं होतीं, यांतच तो शाप होता. पाश्चरनें १८८१ च्या मे महिन्यांत पुई-ले-फोर येथें सर्वांसमक्ष २४ मेंढ्यांना लस टोचली, २४ तशाच ठेविल्या, आणि महिनाअखेर सर्वांना जहाल जंतु टोचले. दोन दिवसांनीं जमलेल्या मंडळींना लस दिलेल्या मेंढ्या चरतांना नि न दिलेल्या मेलेल्या किंवा मरतांना दिसल्या. ती लस नेमकी कोणत्या रीतीनें केली होती हें मात्र पाश्चरनें स्पष्ट होऊं दिलें नाहीं. त्याच्या टिपणवह्या पुष्कळ वर्षांनीं अभ्यासकांच्या हातीं पडल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या रीतीशीं तिचें जवळचें नातें उघड झालें. थोर माणसांच्याहि वह्या असाव्यात आणि त्या जपून ठेवाव्यात, हें आमचें मत यामुळें अधिकच दृढ झालें.

या सर्वांतून गोठ्याच्या मालकाला घ्यावयाचें तें एवढेंच कीं, एकाएकीं मेलेल्या नि काळें रक्त गळणाऱ्या जनावराचें कातडें सोलूं देऊं नये, पोट फाडूं देऊं नये. न फाडलेल्या देहांत जीवाणु कुजण्याबरोबर बहुतांशीं मरतो. फाडल्यावर हवा मिळून त्याचीं बीजें होतात, आणि तें रान पुढच्या पिढीच्या गुरांना भोंवतें. सोलणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठते ती वेगळीच. आमच्या घरांतून मेलेल्या जनावराला हात न लावण्याची चाल आहे, पण तें काम गांवांतील दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यांत घालून आपण सोंवळे राहिलों. त्या माणसाच्या हातावरील फोडाचा विचार आपल्या बापजाद्यांनीं केला नाहीं, हें लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

डाळिंबाचा तेल्याहि जीवाणूचाच. पावसाच्या थेंबांबरोबर तो एका पानावरून दुसऱ्या पानावर उडतो, रंध्रांतून वा जखमांतून शिरतो, फळ तडकवितो. आणि रोगट झाडाच्या कलमांबरोबर शेंकडों मैल प्रवास करतो. या शतकाच्या आरंभापासून त्यानें सोलापूर-नाशिककडील कित्येक बागा मुळासकट काढावयास लाविल्या. फळबाग लावणें म्हणजे कर्ज काढून पांच-सात वर्षांची आशा पेरणें. ती कुऱ्हाडीनें तोडतांना घरांत काय होत असेल तें सांगावयास नको. झाडाला माणसाचीं प्रतिजैविकें फवारून पाहण्यांत आलीं. त्यांनीं रोग समूळ गेला नाहीं, आणि जीवाणूंना त्या औषधांची संवय होण्याचा धोका मात्र वाढला. पावसाळी बहार न धरतां हस्त बहार धरावा, निरोगी कलमेंच लावावीं, छाटणीची कात्री प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक करावी, हे साधे उपायच अधिक उपयोगी पडले आहेत.

विषाणूंची जात याहून निराळी. त्यांना स्वतःचें पोट नाहीं, श्वास नाहीं; एका कागदावर लिहिलेला हुकूम नि त्याभोंवतीं पाकीट, एवढाच त्यांचा संसार. पेशींत शिरल्यावर ती पेशी स्वतःचें काम सोडून या हुकुमाच्या प्रती काढीत बसते. १८९८ हें साल यांच्या इतिहासांत महत्त्वाचें: त्या वर्षीं हॉलंडांत बायरिंक यानें तंबाखूच्या रोगाबद्दल, आणि जर्मनींत लोफ्लर व फ्रॉश यांनीं गुरांच्या लाळखुरकुताबद्दल असें दाखविलें कीं, जीवाणु अडकून राहतील अशा बारीक गाळणीतून गाळलेला रसहि रोग देतो. एकानें झाडांत, दुसऱ्यांनीं जनावरांत, पण गांठ एकाच वस्तूशीं पडली. मात्र झाडाच्या पेशीला जाड भिंत असते. विषाणूला ती आपल्या बळावर ओलांडतां येत नाहीं. त्याला जखम तरी हवी किंवा मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा एखाद्याची सोंड तरी हवी. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणु १९२४ सालीं मुंबई इलाख्यांतून कुलकर्णी यांनीं प्रथम नोंदविला. त्याची पालखी पांढरी माशीच वाहते. तंबाखूचा विषाणु तर माणसाच्या बोटांवरून जातो. ज्या घरांत वडील मंडळी तंबाखू मळतात, त्यांनीं हात साबणानें धुतल्यावांचून परसांतील टोमॅटोच्या रोपांना हात लावूं नये. हें वाक्य सुनांनीं मोठ्यानें वाचून दाखविण्यास आमची हरकत नाहीं.

झाड एकदां विषाणूनें बाधलें म्हणजे तें उपटणें हाच सहसा मार्ग उरतो, कारण रक्तांत फिरणारे नि शत्रूची ओळख ठेवणारे शिपाई झाडापाशीं नाहींत. कित्येकदां तें शत्रू शिरलेल्या पेशींभोंवतालच्या आपल्याच पेशी मारून टाकतें, आगीपुढें पट्टा जाळावा तसें. जनावरांच्या अंगांत मात्र ओळख ठेवणारी व्यवस्था आहे, आणि तिच्याच जोरावर बुळकांडीचा इतिहास घडला. बुळकांडीचा विषाणु गुराच्या पांढऱ्या रक्तपेशींवर व आंतड्याच्या अस्तरावर घाला घाली; तोंडांत व्रण, डोळ्यांतून पाणी, मग सारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत शेवट. १८९० च्या दशकांत आफ्रिकेच्या पुष्कळ भागांत शेंकडा ऐंशींहून अधिक गुरें तिनें नेलीं व मागून दुष्काळ आला. आपल्याकडे तिचा अभ्यास करावयास सरकारनें १८८९ सालीं पुण्यासच एक प्रयोगशाळा काढिली. दाट वस्तींत असले जंतु बाळगणें बरें नव्हे म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेली. १८९७ सालीं खुद्द कॉख तेथें येऊन गेला. पुढें एडवर्ड्स यांनीं तेथेंच हा विषाणु बकऱ्यांमागून बकऱ्यांत वाढवून सौम्य केला आणि त्याची लस झाली. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. १९९५ सालीं हिंदुस्थानांत तिचा शेवटचा उद्रेक झाला. २०११ सालीं सर्व पृथ्वी बुळकांडीपासून मुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. देवीनंतर माणसानें समूळ नाहींसा केलेला हा दुसराच रोग. ज्या घरांतील आजोबांनीं एका आठवड्यांत रिकामा झालेला गोठा पाहिला होता, त्या घरांतील नातवंडांना आज बुळकांडी हा शब्दहि ठाऊक नसतो.

लाळखुरकुत मात्र जात नाहीं, आणि याचें कारण विषाणूंच्या स्वभावांत आहे. बुळकांडीचा विषाणु सर्वत्र एकाच ठशाचा, एकदां ओळखला कीं जन्मभर ओळखला जाणारा. लाळखुरकुताच्या विषाणूचे सात ठसे नोंदलेले आहेत, एकाची लस दुसऱ्याला चालत नाहीं, आणि आलेली प्रतिकारशक्तिहि लवकर ओसरते; म्हणून दर सहा महिन्यांनीं टोचणी. मुलांच्या गोवराचा विषाणु तर बुळकांडीचा अगदीं जवळचा भाऊबंद, बहुधा गुरांच्याच विषाणूपासून फुटून माणसांत आलेला. त्याची लसहि उत्तम, तरी तो अद्याप आहे, तो आमच्या आळसामुळें. २०१९ सालीं हिंदुस्थानांत प्रथम दिसलेल्या आणि २०२२ सालीं महाराष्ट्रांत धुमाकूळ घातलेल्या गुरांच्या नव्या विषाणुरोगावर बकऱ्यांच्या देवीची लस वापरण्यांत आली, कारण ते दोन विषाणु सख्ख्या नात्यांतले. या रोगाला सर्वजण लंपी म्हणतात. शेतकऱ्याला स्वतःचें नांव ठेवण्यास सवड मिळण्यापूर्वींच वर्तमानपत्रांनीं इंग्रजी नांव त्याच्या गोठ्यांत नेऊन बांधलें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

येथें घरांतील पडशाखोकल्याचाहि निकाल लावून टाकूं. साधें पडसें विषाणूंचें असतें. प्रतिजैविकें जीवाणूंच्या भिंतीवर नि यंत्रसामग्रीवर मारा करतात. विषाणूपाशीं तशी भिंतहि नाहीं नि यंत्रहि नाहींत. तरी तिसऱ्या दिवशीं मागल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या कपाटांतून काढून मुलाला देणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत. पडसें आपल्या मुदतीनें जातें, यश गोळीला मिळतें, आणि आंतड्यांतील जीवाणूंना मात्र त्या औषधाची ओळख होऊन बसते. पुढें खरोखरीचा जीवाणुरोग झाला म्हणजे तें औषध लटकें पडूं लागतें.

उरलेल्यांची हजेरी घाईनें घेतों. वांग्याचीं पानें बारीक होऊन त्यांचा झुबका होतो, त्याचा धनी १९६७ पर्यंत विषाणु समजला जाई. तो भिंत नसलेला एक जीवाणु निघाला. उंटाघोड्यांच्या सर्रा रोगाचा एकपेशीय जंतु ग्रिफिथ एव्हन्स यानें १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें पाहिला. गुरांना चावणाऱ्या मोठ्या माशा त्याला वाहून नेतात, आणि रक्तांतील शिपायांनीं ओळखण्यापूर्वीं तो बहुरूप्याप्रमाणें अंगावरचा अंगरखा बदलीत असतो. १९८६ सालीं इंग्लंडांत गाई वेड्या होऊन मरूं लागल्या. तेथें तर जीव म्हणण्यासारखें कांहीं नव्हतेंच, केवळ एक वांकडें झालेलें प्रथिन, जें शेजारच्या सरळ प्रथिनांनाहि वांकडें करतें. मेलेल्या जनावरांच्या मांसहाडांची पूड गाईंना चारल्यानें तें पसरलें. गाईला गाय खाऊं घालण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला काय म्हणावें, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

कृमींपैकीं टोमॅटो-वांग्यांच्या मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमि पानांवर रोग दाखवितात नि मुळांत लपतात. रोप उपटून पाहिल्यावांचून ते सांपडत नाहींत. माणसांतील नारू मात्र डोळ्यांना दिसे. हात-दीड हात लांबीची ती मादी पायावर फोड आणून बाहेर येई, आणि तो पाय बारवेच्या पाण्यांत बुडतांच आपलीं पिलें सोडी. पाण्यांतील डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जलकीटक तीं पिलें गिळीत, माणूस पाण्याबरोबर ते कीटक गिळी, आणि वर्षभरानें पुन्हां पायावर फोड येई. यावर लस नाहीं, औषध नाहीं. काडीला गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढून काढणें एवढाच उपचार. परंतु हें चक्र एकाच ठिकाणीं तुटण्याजोगें होतें. कीटक अडकतील अशा दाट फडक्यानें पाणी गाळलें कीं नारू संपला. आमच्या घरांतून पाण्याच्या हंड्यावर धुतलेलें फडकें बांधण्याची चाल सोंवळ्याची म्हणून चालत आली; नारूच्या गांवांत तिचा खरा उपयोग होता, आणि जेथें फडकें विरळ किंवा एकेरी असे तेथें तो होत नसे. घरोघर गाळणीं वांटलीं गेलीं, पायऱ्यांच्या बारवांत उतरून पाणी भरणें बंद करून रहाट नि हातपंप बसविण्यांत आले. १९९६ सालच्या जुलैंत राजस्थानांत शेवटचा रोगी सांपडला, आणि २००० सालीं देश नारूपासून मुक्त झाल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेनें दिला.